‘ब्रेक फेल झाला’ एवढंच छापू नका, मागचा ड्रम शेवटचा कधी उघडला होता ते पण विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार,

पावसाळा तोंडावर आला की ठाण्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. घोडबंदर रोडला, नाहीतर मुंब्रा बायपासला, नाहीतर शीळफाट्याकडे टेम्पोचा किंवा पिकअपचा ब्रेक फेल झाला, पुढच्या रिक्षेला नि दोन बाइकना ठोकलं, इतके जखमी, वाहतूक इतके तास ठप्प, आणि बातमी संपली. तुमच्या एकट्या पेपरचं नाही म्हणत मी, सगळीकडे असंच छापून येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांवर बातमी जिथे संपते तिथून ती खरी सुरू व्हायला पाहिजे, कारण ब्रेक असा अचानक जात नाही हो, जायच्या आधी महिनोन् महिने तो सांगत असतो, नोटीसवर नोटीस देत असतो, आणि गाडीवाल्याने ती वाचलेली नसते. हे मी एवढ्या खात्रीने सांगतो कारण मी स्वतः गाडीवाला आहे आणि मी पण वाचली नव्हती.

माझी पिकअप २०११ ची, एमएच ०४ पासिंग, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्यांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, आतून शू दाबले की चाक थांबतं), म्हणजे आपल्या भागात रोज ज्या शेकडो पिकअप फिरतात तशीच एक. रात्री अडीच-तीनला वाशीच्या एपीएमसीत लाइन लावायची, कांदा-बटाटा आणि भाजी भरायची, ठाणे-बेलापूर रोडने दिघा, विटावा, कळवा करत ठाण्यात शिरायचं, मग मानपाडा, कासारवडवली, ओवळा इथली हॉटेलं आणि दुकानं, आणि आठवड्यातून तीन दिवस गायमुखचा घाट ओलांडून काशिमिऱ्यापर्यंत. गाडी बहुतेक वेळा माझा धाकटा भाऊ चालवतो, मी बाजूला बसून वही सांभाळतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. पहाटे साडेचारचा सुमार, बारीक पाऊस, मागे ५० किलोच्या २४ गोण्या म्हणजे १२०० किलो माल. गायमुखची चढण संपवून पलीकडच्या उताराला लागलो आणि भाऊ एकदम म्हणाला, दादा, पेडल खाली जातंय. मला आधी वाटलं ओल्या रस्त्यामुळे म्हणतोय, पण त्याचा पाय बघितला तर पेडल फ्लोअरपर्यंत टेकलेलं. त्याने दोन-तीन पंप मारले, थोडं वर आलं, परत बसलं. मी हॅण्डब्रेक खेचला, तो दहा-अकरा टिकटिक करत पार वर आला आणि गाडीला काडीचा फरक नाही. भावाने तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन ओरडलं, गाडी आवळली गेली आणि पुढच्या डिस्कवर जेवढं थांबायचं तेवढं थांबत थांबत आम्ही डावीकडे कडेला येऊन उभे राहिलो. पुढे एक कंटेनर होता, त्याचे मागचे लाल दिवे किती जवळ आले होते ते मी आजही डोळे मिटले की बघतो. कोणाला लागलं नाही, आमचा माल पण हलला नाही. पण त्या वेळी पुढे कंटेनरऐवजी कामावर निघालेला बाइकवाला असता तर दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात आमच्या गाडीची बातमी आली असती आणि त्यात पण हेच लिहिलं असतं, ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.

गाडी टो करून वागळे इस्टेटला एका मिस्त्रींकडे नेली, साठीचा माणूस आहे, आयुष्य ब्रेकवरच गेलेलं. त्यांनी मागची दोन्ही चाकं काढली, ड्रम ठोकून ठोकून बाहेर काढले, आणि मला म्हणाले बस इथे खाली आणि बघ. मी तिथे उकिडवा बसून जे बघितलं तेच सगळ्या पिकअपवाल्यांनी एकदा बघावं म्हणून हे पत्र.

डाव्या बाजूचं व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलतं ते) गळत होतं, रबरी बूट उचलला तसं ब्रेक ऑइल हातावर आलं. त्याच बाजूला मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगचं ऑइल सील पण गेलेलं, म्हणजे गिअर ऑइल येऊन लायनिंग (शूवरचा ड्रमला घासणारा थर) पार भिजलेलं, काळं चिकट. तेल प्यालेलं लायनिंग धुवून, कागद मारून परत लावतात बरेच जण, मिस्त्री म्हणाले ते फेकायचंच, एकदा आत मुरलं की गरम झाल्यावर परत बाहेर येतं. उजव्या बाजूला तेल नव्हतं पण अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ ठेवणारा स्क्रू) गंजून जाम, किती महिने फिरलाच नव्हता कोणास ठाऊक, त्यामुळे शू आणि ड्रमच्या मधे एवढी गॅप की शू तिथपर्यंत पोचेपर्यंतच अर्धं पेडल संपायचं. ड्रमच्या आतल्या कडेला नखाला लागेल एवढा ओठ आलेला. त्यांनी माप घेतलं आणि ड्रमच्या बाहेर कंपनीने ओतलेला आकडा ब्रशने घासून मला दाखवला, यापेक्षा आतला व्यास मोठा झाला की ड्रम भंगारात. हा आकडा बहुतेक प्रत्येक ड्रमवर असतो, आणि माझ्या हातून एवढी वर्षं गाडी गेली तरी तो तिथे असतो हे मला माहीत नव्हतं. आमचे दोन्ही ड्रम त्या आकड्याच्या पलीकडे गेले होते.

आणि आता नोटिसांचं सांगतो. त्याआधीचे चार-पाच महिने आम्ही ब्रेक ऑइलच्या डबीत दर महिन्याला थोडं थोडं टॉप अप करत होतो. ब्रेक ऑइल म्हणजे काय डिझेल आहे का जळून कमी व्हायला? लायनिंग नि पॅड झिजले की लेव्हल थोडीशी उतरते तेवढी सोडली तर ते कमी होतच नाही, कमी होतंय म्हणजे कुठूनतरी गळतंय एवढा सरळ हिशोब. डाव्या मागच्या टायरच्या आतल्या अंगाला ओला ओघळ दिसायचा, आम्ही म्हणायचो चिखल असेल. भरलेली गाडी जोरात दाबली की उजवीकडे ओढायची, आम्ही म्हणायचो अलाइनमेंट करून घेऊ. हॅण्डब्रेक आधी पाच-सहा टिकटिकला पकडायचा तो दहावर गेला, तर आम्ही उतारावर उभी करताना चाकाखाली दगड ठेवायला लागलो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेडल खोल जायला लागलं तेव्हा आम्ही पंप मारून ब्रेक लावायची सवय लावून घेतली. ही सवय लागली ना की माणसाला वाटतं गाडीचा स्वभावच आहे हा. आज एपीएमसीच्या गेटवर उभं राहून दहा पिकअपवाल्यांना विचारा, चार तरी सांगतील, हो हो, दोनदा मारायला लागतो.

मागच्या ब्रेककडे कोणाचंच लक्ष नसतं याला कारण आहे. पुढचा डिस्क चाकाच्या जाळीतून दिसतो, पॅड संपलं की किरकिर आवाज येतो. मागचा ड्रम बंद डबा आहे. उघडायचा म्हणजे चाक काढा, ड्रम जाम झालेला असतो तो ठोका, अर्धा दिवस जातो, आणि धंद्याच्या गाडीला अर्धा दिवस म्हणजे एक फेरी. मग मालक सांगतो, अरे फक्त अ‍ॅडजस्ट करून दे रे. मी पण हेच सांगायचो, म्हणून आधीच्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. आणि दुसरं एक डोक्यात बसलेलं असतं की मेन ब्रेक पुढचाच, मागचा काय नावाला. रिकाम्या गाडीत ते बरंचसं खरंय, ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि पुढची चाकं जास्त काम करतात. पण पिकअप ही रिकामी फिरवायला घेतलेली नसते ना. १२०० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर बसले की मागची चाकं रस्त्याला अशी चिकटतात की तिथे मिळणारा ब्रेक सोडून देणं परवडतच नाही, तो नसेल तर सगळी गाडी दोन पुढच्या डिस्कवर लोंबकळते आणि घाटात त्या तापून लाल होतात.

ड्रमची एक गंमत मला मिस्त्रींनी हाताने फिरवून दाखवली. आत दोन शू असतात, पुढच्या बाजूचा शू ड्रमला टेकला की फिरणारा ड्रम त्याला स्वतःच आणखी आत ओढून घेतो, म्हणजे आपण पायाने जेवढा जोर लावला त्याच्यापेक्षा जास्त जोर तो स्वतः तयार करतो, आणि मागच्या शूला ड्रम ढकलून देतो म्हणून तो कमी काम करतो. म्हणूनच पुढच्या शूचं लायनिंग लवकर झिजतं. ही ड्रमची ताकद आहे, आणि हीच त्याची अडचण, कारण लायनिंगची पकड थोडी जरी बदलली, तेल लागलं, पाणी लागलं, की परिणाम नुसता तेवढाच होत नाही, कितीतरी वाढून होतो. एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं की गाडी ओढते ती याच्यामुळे. आणि ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, म्हणजे उतारावर सारखा पाय ठेवून आलात तर तळाला येईपर्यंत पेडल आपोआप खोल गेलेलं असतं. डिस्क तापून फुगली तर पॅडकडेच सरकते, ड्रमचं उलटं.

म्हणून उतारावर खालचा गिअर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मी रोज बघतो, घाट उतरताना न्यूट्रल टाकून सोडतात, काही तर चावीच फिरवतात डिझेल वाचवायला. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर फिरणाऱ्या पंपातून येतो, इंजिन बंद केलं की आत साठलेल्यावर दोन-तीन वेळाच पेडल हलकं लागतं, त्यानंतर दगडासारखं कडक. मग त्याला पण ब्रेक फेलच म्हणणार.

दुरुस्ती काय करायची यावर आमच्या घरात आठवडाभर वाद चालला. माझा मावसभाऊ रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, तो म्हणाला कशाला त्या जुन्या ड्रमवर पैसे घालतोस, ब्रॅकेट मी कापून देतो, कारचे डिस्क-कॅलिपर (कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग) टाकू मागे, चारी चाकांना डिस्क, विषय संपला. ऐकायला भारी वाटतं आणि त्याचा हात चांगला आहे, पण मिस्त्रींनी जे प्रश्न विचारले त्याची उत्तरं आमच्यापैकी कोणाकडे नव्हती. हॅण्डब्रेक कशाला जोडणार? साध्या कॅलिपरला हॅण्डब्रेक नसतो, आणि गोण्या उतरवताना गाडी चढावर उभी असते. पेडलखालचा मास्टर सिलिंडर, जो ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो, तो ड्रमच्या हिशोबाने बनवलेला, डिस्कच्या कॅलिपरला तेल जास्त लागतं, पेडल कुठे जाणार? पुढचा किती आणि मागचा किती हे प्रमाण कंपनीने ठरवलेलं, ते बिघडून मागची चाकं आधी लॉक झाली तर पावसात रिकामी गाडी गोल फिरेल, त्याचं काय? आणि कायद्याचं पण आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळं पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. माझ्या मते घरी बसवलेली डिस्क त्यातच मोडते, आणि उद्या अपघात झाला तर विम्यावाला पहिला तिकडेच बोट दाखवणार. मला डिस्क वाईट आहे असं म्हणायचं नाही, कंपनीने डिझाइन करून टाकली असेल तर उत्तमच. पण जुन्या माल वाहणाऱ्या पिकअपला मागे डिस्क हे अपग्रेड नाही, जो ड्रम आहे तो कंपनीने दिला तेव्हा जसा होता तसा परत करणं हे अपग्रेड आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची गाडी त्या मूळ पातळीच्या कितीतरी खाली चाललेली असते आणि आपल्याला ते कळलेलंच नसतं.

मोठ्या बोअरचं, म्हणजे आतून जास्त व्यासाचं, व्हील सिलिंडर टाकायचा सल्ला पण मिळाला, मागे जास्त जोर मिळेल म्हणून. मिळेल, पण पेडल आणखी खोल जाईल आणि रिकाम्या गाडीत मागचं चाक लॉक होईल, म्हणून नको. रुंद शूचं पण तसंच, लोकांना वाटतं लायनिंग रुंद म्हणजे ब्रेक जोरात, प्रत्यक्षात जोर दाबावर आणि पकडीवर ठरतो, रुंदीने उष्णता पसरते आणि लायनिंग जास्त टिकतं एवढाच फायदा, तो फायदा चांगलाच आहे पण त्यासाठी ड्रम, बॅकप्लेट, शू, सिलिंडर सगळं एकाच मॉडेलचं जोडीने बदललं पाहिजे, एक इथलं एक तिथलं नाही.

शेवटी आम्ही केलं ते असं. दोन्ही बाजूंचे ड्रम नवीन ५,६००, शूचा पूर्ण सेट १,९००, व्हील सिलिंडर दोन नवीन १,७०० (नुसतं आतल्या रबरी वाटीचं किट घालून भागलं नसतं, आतल्या बोअरला खड्डे पडलेले), ऑइल सील दोन ६००, स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टर दोन्हीकडचे ९००, मागचा होज पाइप ४५०, हॅण्डब्रेकची केबल ७००, ब्रेक ऑइल ४५० आणि मजुरी २,५००. टोटल १४,८०० रुपये आणि दोन दिवस गाडी उभी. हे आकडे मुद्दाम देतोय कारण लोक नुसतं ‘खूप खर्च येतो’ म्हणून टाळतात, आणि खरा खर्च किती ते कोणी सांगत नाही. आमच्या भरलेल्या एका ट्रिपचा माल उलटला तर याच्यापेक्षा जास्त नुकसान आहे, माणसाच्या जिवाचं तर बोलतच नाही. सगळं जोडीने बदलायचं हे मिस्त्रींचं पहिलं बोलणं होतं, एका बाजूचं लायनिंग नवीन आणि दुसरीकडचं जुनं असं कधीच नाही, आणि आमच्या गाडीत आधी नेमकं तेच झालेलं, मीच शंभर-दोनशे वाचवायला सांगितलेलं. ड्रम लेथवर टर्न करून, म्हणजे आतून तासून, वापरायचा असेल तर पण मर्यादेच्या आत असला तरच, आणि मग शूची गोलाई त्या नव्या मापाला जुळवून घ्यायला लागते, नाहीतर शू मधेच टेकतो आणि दोन्ही टोकं हवेत.

एक गोष्ट मात्र अशी निघाली की जिचा मी विचारच केला नव्हता, आणि माझ्या मते ठाणे-नवी मुंबईतल्या निम्म्या पिकअपमधे ती असणार. आपल्या गाड्यांमधे मागच्या अ‍ॅक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली, मिस्त्री लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की चेसी खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, म्हणजे चाक लॉक होऊ नये. किती साधं आणि किती हुशारीचं काम आहे हे. आता आम्ही काय केलं होतं, तीन वर्षांपूर्वी जास्त माल बसावा म्हणून दोन्हीकडे मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधे एकेक जादा पाटा टाकून घेतला होता, इकडे सगळेच टाकतात. त्यामुळे गाडी भरली तरी बसतच नव्हती, आणि व्हॉल्व्ह बिचारा समजत होता गाडी रिकामी आहे, म्हणून नेमका जेव्हा मागचा ब्रेक सगळ्यात जास्त पाहिजे तेव्हाच तो प्रेशर कापत होता. तीन वर्षं. मिस्त्रींनी जादा पाटे काढायला लावले, दांडीची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे केली. काही गाड्यांमधे ती दांडी तुटून नुसती तारेने बांधलेली असते असं पण ते म्हणाले. पाटे काढल्यावर गाडीत आता जादा माल भरता येत नाही, दोन गिऱ्हाईकं त्यामुळे दुसऱ्याकडे गेली, गेली तर गेली. २०१९ पासून ओव्हरलोडचा दंड पण २० हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, त्यामुळे तसाही त्यात काही राम राहिलेला नाही.

ब्रेक ऑइलबद्दल पण दोन शब्द. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपली खाडीकाठची हवा कशी आहे ते सांगायला नको. नवीन डॉट ३ ऑइल साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पाणी मुरलेलं असेल तर १४० लाच, डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. उतारावर तापून आत वाफ झाली की वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होतं, तेव्हा गळती नसताना पण ब्रेक जातो. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलून चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्यायची, आणि अर्धी उघडी पडलेली जुनी बाटली वापरायची नाही. पाण्यातून गेल्यावर, म्हणजे वंदना टॉकीजपाशी किंवा विटाव्याच्या पुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर, थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून चालवायची, ड्रममधे गेलेलं पाणी लगेच निघत नाही, लायनिंग गरम होऊन सुकावं लागतं. आणि नवीन शू टाकले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर भरलेल्या गाडीला दामटवायचं नाही, शू ड्रमला नीट बसायला तेवढा वेळ द्यायला लागतो.

एक वेगळीच गोष्ट पण तिथे बसून लक्षात आली ती लिहायलाच पाहिजे. शेजारच्या गाळ्यात एक सोळा-सतरा वर्षांचं पोरगं ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढत होतं, तोंडाला काही नाही, सगळी पूड त्याच्या नाकात. जुन्या लायनिंगमधे अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याच्या धुळीने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो आणि तो वीस-तीस वर्षांनी कळतो. आमच्या मिस्त्रींनी आमचे ड्रम ओल्या फडक्याने पुसले आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं, एवढंच करायचं असतं. आपण गाडीवाल्यांनी तरी उभं राहून सांगावं, बाबा रे हवा मारू नको.

आता गाडी कशी आहे विचाराल तर पेडल अर्ध्याच्या वरच लागतं, पंप नाही, ओढत नाही, हॅण्डब्रेक सहा टिकटिकला चढावर भरलेली गाडी धरतो. भाऊ पहिल्या दिवशी घाट उतरून आला आणि म्हणाला, दादा, ही दुसरीच गाडी वाटते. पंधरा वर्षं जुनी गाडी, दुसरं काहीही नवीन नाही.

आता तुमच्याकडे मागणं. आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते, आमची पण दरवर्षी व्हायची, आणि त्या जूनच्या आधीची पण पास झालेली होती. कारण गाडी आपण रिकामी नेतो, जायच्या आदल्या दिवशी ब्रेक टाइट करून नेतो, आणि रिकाम्या गाडीला पुढच्या डिस्क थांबवतातच. २५० मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक तपासूनच फिटनेस द्यावी असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं ते बरोबरच आहे, आणि आता रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजणारी मशिनं आहेत ती तर फारच चांगली, डावं-उजवं किती फरक आहे ते लगेच आकड्यात दिसतं. पण जुन्या मालवाहू गाडीची तपासणी वजन टाकून व्हावी, किंवा ते जमत नसेल तर निदान मागचे ड्रम उघडून माप घेतल्याची गॅरेजची चिठ्ठी, ड्रमचा आकडा, लायनिंगची जाडी आणि तारीख घालून, फिटनेसच्या कागदांबरोबर मागावी, आणि जादा पाटे आहेत का, एलएसपीव्हीची दांडी जागेवर आहे का हे वाकून बघावं, याला दोन मिनिटं लागतात. हे तुमच्या पेपरातून परिवहन खात्यापर्यंत पोचलं तर आमच्यासारख्या एका माणसाच्या अर्जापेक्षा लवकर पोचेल.

आणि तुमच्या वार्ताहरांना सांगा, पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ची बातमी आली की ड्रायव्हरचं नाव-गाव विचारता तसं मालकाला एक विचारा, मागचा ड्रम शेवटचा कधी उघडला होता, आणि तपासणीत काय निघालं ते आठ दिवसांनी का होईना छापा. सिलिंडर गळत होतं, की लायनिंग संपलं होतं, की उतारावर इंजिन बंद केलं होतं. दोन-चार वेळा असं छापून आलं ना की एपीएमसीच्या चहाच्या टपरीवर सगळे तेच बोलायला लागतील, तिकडे तुमचा पेपर रोज पहाटे वाचला जातो, मी स्वतः तिथेच वाचतो.

जमल्यास हे मे महिन्यात छापा, जूनमधे गॅरेजला लाइन लागते आणि मग घाईत नुसतं अ‍ॅडजस्ट करून देतात. जागा कमी पडत असेल तर डिस्कच्या वादाचं कापा, पण टॉप अपचं, पंप मारायच्या सवयीचं आणि जादा पाट्यांचं तेवढं राहू द्या.

आपला नम्र,
एक पिकअप मालक, विटावा, ठाणे